माझा व्यवसाय आणि माणदेशातलं घर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं की, 'आपल्या व्यावसायिक वाटचालीबद्दल पंचवीस मिनिटे बोलावे.' दोन दिवसांनी समितीतल्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, नवीन इमारतीचा विषयही काढ. सगळे एकत्र येणारेत, तिथंच काहीतरी ठरू दे." म्हणजे माझ्यावर दोन कामं आहेत. दोन्ही एकातच बसवतो, कारण माझी वाटचाल ऐकल्याशिवाय इमारतीबद्दल मी असं का बोलतोय हे कळणार नाही.

माझे वडील गवंडी होते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. काहींच्या घराच्या भिंती त्यांच्याच हातच्या आहेत. मला पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी विचारलं, "किती वर्षांचं शिक्षण?" मी म्हणालो, "पाच." ते म्हणाले, "घर बांधायला पाच वर्षं? मी तर चार महिन्यांत शिकलो." घरात सगळे हसले. पण वडील फी भरायला पैसे काढून देत होते आणि त्यांना खरंच कळत नव्हतं की पाच वर्षं तिथं काय शिकवतात. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मलाही त्याचं उत्तर देता आलं नसतं.

आपण ज्या घरांत वाढलो ती आठवा. पांढऱ्या मातीच्या नाहीतर दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती. वर माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाला-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. घर मोजायचं ते खणांवर, चौरस फुटांत कुणी मोजत नसे. 'चार खणांचं घर' म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. पुढं सोपा, आत माजघर, मागं परडं. उजेडासाठी माळवदाला एक भोक, आणि पाऊस आला की आजी ओरडायची, "पोरा, वर जा, पाटी पालथी घाल." बाहेर वैशाखाचं ऊन, पारा चाळिशीच्या वर, आणि माजघरात मात्र दुपारी गार वाटायचं. रात्री तीच भिंत दिवसभर घेतलेली ऊब सोडायची, म्हणून आपण अंगणात नाहीतर माळवदावर झोपायचो. दुपारी आत आणि रात्री बाहेर, अशी घराची आणि माणसाची वाटणी होती.

कॉलेजात तिसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर आकृती काढून शिकवलं की जाड आणि जड भिंतीतून उष्णता आत यायला आठ-दहा तास लागतात. मला एकदम आजीचं माजघर दिसलं. मी जे लहानपणी जगलो होतो ते इथं धड्यात होतं. पण त्याच कॉलेजात आम्ही जी चित्रं काढत होतो ती सगळी काचेची, काँक्रीटची आणि बहुतेक थंड देशांतल्या इमारतींवरून घेतलेली. धडा एक आणि चित्र दुसरंच.

माळवदाचं कौतुक करताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. दरवर्षी मिरगाच्या आधी वर माती टाकायला लागायची. उंदीर, घुशी भिंती पोखरायच्या. पाऊस लागून राहिला की गळती. आणि वर्षानुवर्षं मातीवर माती पडत गेली की माळवद जड, आणखी जड होत जायचं. हा शेवटचा दोष किती जीवघेणा आहे, ते मला शिकल्यानंतर वर्षभरातच कळलं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगारा झाली आणि हजारो माणसं झोपेत गेली. मी तेव्हा पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला होतो. ऑक्टोबरमध्ये स्वयंसेवकांच्या एका गटाबरोबर तिकडं गेलो. मदत कसली करणार, पडलेल्या घरांची मापं घेणं आणि नोंदी करणं एवढंच आमचं काम होतं.

जाण्याआधी घरी फोन केला होता. गावात एकच फोन, त्यावर वडिलांना बोलावून घेतलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि त्यांनी एकच विचारलं, "भिंतींना हेडर होतं का?"

गवंडीकाम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडी भिंत बाहेरून एक दिसते, पण तिला दोन अंगं असतात, आतलं आणि बाहेरचं. मध्ये गोटे आणि माती भरतात. ही दोन अंगं एकमेकांना धरून राहावीत म्हणून मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घालावा लागतो. तो हेडर. तो नसेल तर जमीन हलल्यावर दोन्ही अंगं फुगतात, सुटतात आणि वरचं माळवद खाली येतं. हेडरचा दगड मोठा लागतो, घडवायला वेळ लागतो, म्हणून घाईच्या कामात तो पहिल्यांदा गाळला जातो.

तिथं आम्ही मापं घेत फिरलो तेव्हा वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर गल्लोगल्ली पडलेलं होतं. पडलेल्या भिंतींत हेडर क्वचितच सापडायचा. माळवदावर मातीचे थर साठत साठत दीड-दोन फुटांपर्यंत गेलेले. काही ठिकाणी लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा तसाच उभा आणि भोवतीच्या भिंती मात्र आडव्या, असंही पाहिलं.

त्याच १९९३ साली कच्च्या आणि दगडी बांधकामांच्या भूकंपरोधासाठी भारतीय मानक १३८२८ प्रसिद्ध झालं. त्यात लिहिलंय की दर दोन फूट उंचीवर आणि जास्तीत जास्त चार-चार फुटांवर आरपार दगड घालावा, आणि घराला चारी बाजूंनी पट्टा बांधावा. सातवी शिकलेले माझे वडील तीस वर्षं जे करत होते, त्यातलं निम्मं त्या पुस्तकात छापलेलं होतं. उरलेलं निम्मं, म्हणजे पट्ट्याची गोष्ट, मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि पुढच्या कामात केली. आमच्या घरात पाच वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब त्या दिवशी मिटला.

किल्लारीनंतर महाराष्ट्रभर एक समज पसरला की दगड वाईट, माती वाईट, स्लॅब चांगला. आपल्याकडंही तेच झालं. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण जुन्या माणसांच्या मनात होतीच, त्यात ही भर. पण बीम-कॉलमचं घरही सळईची बांधणी नीट नसेल, काँक्रीटला पाणी मारलं नसेल, तर पडतंच. माल कुठलाही असो, तो जोडायचा कसा हे माहीत असलेला माणूस कामावर हवा. मी या गोष्टीवर तेव्हापासून ठाम आहे.

किल्लारी परिसरातल्या पुनर्वसनातून आणखी एक शिकलो. बरीच गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रेषेत घरं, कागदावर छान. पण कडबा कुठं रचायचा, बैल कुठं बांधायचे, शेजारणीशी बोलायला कुठल्या ओट्यावर बसायचं, हे त्या नकाशांत फारसं नव्हतं. जुन्या गावात चार पावलांवर असलेला भाऊ नव्या गावात अर्ध्या किलोमीटरवर गेला. घर मजबूत झालं आणि माणूस एकटा पडला, असं तिथल्या लोकांच्या बोलण्यातून जाणवायचं.

१९९४ साली मी नोकरीतून दीड महिन्याची सुट्टी काढून केरळला गेलो, लॉरी बेकर यांची कामं बघायला. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेला हा इंग्रज आर्किटेक्ट. मुंबईत गांधीजींची गाठ पडली आणि पुढचं सगळं आयुष्य भारतात काढलं. पुढं भारताचं नागरिकत्व आणि १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. गांधीजी म्हणाले होते की आदर्श गावातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंनी बांधावं. हे वाक्य आपल्या डोक्यात कायम राहिलं, असं बेकर सांगत. पाच मैल! आपल्याकडं आज सिमेंट, सळई, टाइल, काच, ग्रॅनाइट, सगळं शेकडो मैलांवरून येतं.

तिरुवनंतपुरमला मी राहिलो कुठं, ते ऐका. आपल्या शेजारच्या गावच्या एका गलाईवाल्या भाऊंच्या दुकानाच्या माळ्यावर. हे इथंच सांगण्यात मजा आहे, कारण आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतली आपली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानं देशभर कुठं पोचली नाहीत असं नाही. भाऊंना मल्याळम येत होतं. तेच मला स्कूटरवर घेऊन फिरले. सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती पाहिल्या. विटांच्या जाळ्यांच्या भिंती, काच नाही, खिडकीची चौकट नाही, पण वारा आणि उजेड भरपूर. स्टेशनजवळचं इंडियन कॉफी हाऊस पाहिलं, आत वळत वळत वर चढत जाणारं. भाऊ म्हणाले, "मी इथं रोज कॉफी पितो, पण इमारत आज बघितली."

बेकर साहेबांची भेट झाली नाही, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले गवंडी भेटले. वीट उभी ठेवून मध्ये पोकळी सोडायची, त्याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. त्यात साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळं घर गार राहतं. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं काम करत नाही, म्हणून तिथं मंगलोरी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, उष्णता कमी होते. हे मी त्यांच्याकडून हातानं शिकलो, वहीत लिहून नाही. त्या गवंड्यांना आपण काय करतोय आणि का करतोय, दोन्ही सांगता येत होतं. आपल्याकडं गवंड्याला 'का' विचारायची सवयच आपण ठेवलेली नाही.

१९९६ ला सांगलीत स्वतःचं ऑफिस काढलं. सुरुवातीला कामं मिळेनात, कारण लोक विचारायचे, "दगडाचं घर? मग आर्किटेक्ट कशाला?" हळूहळू जम बसला. शाळांच्या खोल्या, दवाखाने, घरकुलं, बंगले, सगळं केलं. स्लॅबची, बीम-कॉलमची घरंही पुष्कळ केली. उंच इमारतीला ते लागतंच. माझं म्हणणं एवढंच की एक मजली, दोन मजली घराला ते डोळे झाकून लावू नये.

आता गलाईवाल्या मित्रांनी रागावू नये. तुमचीच एक गोष्ट सांगतो. तामिळनाडूत धंदा असलेले एक गृहस्थ आले. गावी बंगला बांधायचा. चार बेडरूम, पुढं पूर्ण काच, वर मोठा स्लॅब. मी विचारलं, "वर्षातले किती दिवस राहणार?" म्हणाले, "जत्रेला आणि लग्नसराईत, पंधरा-वीस दिवस." "बाकीचे दिवस कोण राहतं?" "आई आणि अण्णा." मग मी आई-अण्णांना भेटायला गेलो. शेजारच्याच एका नव्या बंगल्यातले म्हातारा-म्हातारी दुपारी गोठ्याच्या छपरात खाटेवर पडलेले दाखवत अण्णा म्हणाले, "घरात भाजतंय बघा. मला तसलं नको."

आम्ही मग खाली दोन खोल्या आणि सोपा दगडात बांधला. पश्चिमेच्या अंगाला जिना, कोठी आणि न्हाणीघर ठेवलं, म्हणजे दुपारचं ऊन त्यांनीच खावं. दक्षिणेला खोल ओसरी, उत्तरेला मोठ्या खिडक्या. वर मुलांसाठी दोन खोल्या, गच्चीला चुन्याचा पांढरा थर. काच घातली, पण उत्तरेला. खर्च ठरलेल्यापेक्षा कमी आला. आज अण्णा नाहीत, आई त्याच सोप्यात बसून दुपारी भाजी निवडतात.

दुसऱ्या टोकाची गोष्ट घरकुलांची. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये आपल्यासारख्या सपाट भागातल्या घराला २०१६ च्या निकषानुसार १,२०,००० रुपये मिळत आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचं असावं लागतं. शौचालयाचे १२,००० आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. एवढ्यात काय होतं? एक खोली, वर पत्रा. एका वस्तीवर आम्ही नकाशा काढण्याआधी बायकांना बसवून विचारलं. एक मावशी म्हणाल्या, "साहेब, खोली द्या न द्या, शेळ्या कुठं बांधू ते सांगा. शेळ्या हायत म्हणून घर हाय." दुसरीनं सांगितलं, "संडासाचं दार चुलीकडं नको."

मग तिथं दोन-दोन घरं एका सामाईक भिंतीनं जोडली. एक अख्खी भिंत वाचली, तेवढ्या पैशात पुढं ओटा आणि मागं शेळ्यांना पडवी झाली. दगड त्याच माळावरचा. हेडर किती घातले ते बायकांनी स्वतः मोजले, कारण त्यांना आम्ही ते दाखवून ठेवलं होतं. गवंड्याचं लक्ष नसलं तरी मावशींचं होतं.

आता जरा वाळूबद्दल. माणगंगेच्या पात्रात आपण पोहलो, झरे उकरून पाणी प्यालो. ती वाळू म्हणजे नदीनं पाणी धरून ठेवायचा स्पंज होता. हजार चौरस फुटांच्या स्लॅबच्या घराला ठोकताळ्यानं पंधरा ब्रासच्या आसपास वाळू लागते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आता तालुक्यात दरवर्षी किती घरं होतात याचा हिशेब तुम्हीच करा आणि नदीकाठच्या विहिरींच्या पाण्याशी त्याचा संबंध लावा. सिमेंटचंही तसंच. जगात माणसाच्या कामांतून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे. शेजारच्या खानापूर तालुक्यात बळवडीला मुक्ती संघर्षच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं, ते आठवा. नदीतली थोडीशीच वाळू विकून त्या पैशातून नदीचंच पाणी अडवलं. वाळूचा हा हिशेब आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी तेव्हाच मांडला होता.

पाण्याचं मोल या गावाला मी सांगायची गरज नाही. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा याच आटपाडीत भरल्या. आपल्यातले कितीतरी जण त्या गर्दीत होते. टेंभूचं पाणी आलं, डाळिंबं वाढली, हे चांगलंच झालं. पण कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलून इथवर यायला किती वीज लागते, याचा विचार करा आणि आपल्याच छपरावर पडलेलं पाणी गटारात जाताना बघा. आपल्याकडं वर्षाला चारशे मिलिमीटर पाऊस धरू. शंभर चौरस मीटर छपरावर चाळीस हजार लिटर पाणी पडतं. उडालेलं, सांडलेलं वजा करून बत्तीस हजार हाती येतं. पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज पंचवीस लिटर धरले तर वर्षाला नऊ हजार लागतात. म्हणजे दुष्काळी वर्षात निम्माच पाऊस झाला, तरी पिण्याच्या पाण्याला टँकरची वाट बघायला लागू नये. टाकी मात्र घराच्या नकाशात पहिल्या दिवशी हवी.

समाजासाठी बांधणं म्हणजे काय, असं मला विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना लांबचं उदाहरण देत नाही. आपल्या गावाजवळचं स्वतंत्रपूर सांगतो. औंधच्या राजेसाहेबांच्या काळात, १९३९ च्या सुमारास, मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच स्वामी भारतानंद, यांच्या प्रेरणेनं ही मोकळी वसाहत सुरू झाली. तुरुंग, पण भिंत नाही. कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. त्यावरूनच पुढं १९५७ मध्ये शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला आणि त्याची कथा माडगूळच्या गदिमांची. आम्हा आर्किटेक्टांना भिंती कशा बांधायच्या ते शिकवतात. इथं कुणीतरी आधी विचारलं की भिंत हवी आहे का? या प्रश्नानंच ती वसाहत वेगळी झाली. कुठल्याही इमारतीचं काम आलं की मी हाच प्रश्न आधी विचारतो. यात कोण राहणार, त्यांना काय हवंय आणि कशाची गरज नाही?

आता आपल्या शाळेकडं येतो. तुमचा वेळ मी याचसाठी घेतला.

समितीपुढं असलेला प्रस्ताव असा आहे. जुनी दगडी खोल्यांची ओळ पाडायची, तिथं दोन मजली स्लॅबची इमारत आणि वर सभागृह. पुढच्या बाजूला काच. निधीचा आकडा मोठा आहे आणि तो जमेलही, कारण इथं दिलदार माणसं बसली आहेत. मी मात्र आज सगळ्यांसमोर वेगळं मत मांडतो.

परवा मी ती ओळ फिरून पाहिली, ओळंबा लावून पाहिला. पाया पक्का आहे. भिंती सरळ आहेत. दर्जा काही ठिकाणी उघड्या पडल्यात आणि वरचा पत्रा गंजलाय. मे महिन्यात त्या पत्र्याखाली शिकणं किती कठीण आहे, ते आपल्याला पाठ आहे. पण दोष पत्र्याचा आहे, भिंतीचा नाही. घडीव दगडाची तशी भिंत आज बांधायची म्हटली तर पैसे असूनही कारागीर शोधत फिरावं लागेल.

माझा प्रस्ताव चार कामांचा आहे, आणि क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिलं काम, मुलींचं स्वच्छतागृह. आपल्या बॅचच्या एका मैत्रिणीनं मागच्या भेटीत सांगितलं, "आम्ही सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नव्हतो." त्या काळात बहुतेक शाळांत हीच परिस्थिती होती. आपण शेजारच्या बाकावर बसून दहा वर्षं शिकलो आणि आपल्याला ते माहीतही नव्हतं. आज शौचालयं आहेत, पण पाण्याशिवाय शौचालय म्हणजे बंद खोली. म्हणून निधीतला पहिला रुपया तिथं, नळाच्या पाण्यासह आणि आतून कडी लागणाऱ्या दारांसह.

दुसरं, पाणी. सहा खोल्या आणि व्हरांडा मिळून सुमारे तीनशे चौरस मीटर छप्पर आहे. मघाच्याच हिशेबानं वर्षाला ९६,००० लिटर पाणी मिळतं. तीनशे मुलांना रोज दीड लिटर पिण्याला धरलं, शाळेचे २२० दिवस धरले, तर ९९,००० लागतात. म्हणजे पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं आपल्याच छपरावरून. आपला पाऊस परतीचा, त्यानंतरचे दिवस भागवायला साठ हजार लिटरची टाकी पुरते. ती स्टेजच्या खाली बसेल, वेगळी जागा लागणार नाही.

तिसरं, दगडी ओळीची दुरुस्ती. भिंतींना जागोजागी आरपार टाके घालून दोन्ही अंगं बांधायची, माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा, पत्रा काढून दुहेरी छप्पर आणि मध्ये हवा, दक्षिणेला ओसरी वाढवायची. दर्जा चुन्यात भरायच्या. दारापुढं पायऱ्यांच्या जोडीला उतार, कारण आज शाळेत चाकाच्या खुर्चीवर येणारं एक लेकरू आहे आणि रोज दोन मुलं त्याला उचलून आत नेतात. ती मुलं गुणाची आहेत, पण त्या लेकराला आपलं आपण वर्गात जाता आलं पाहिजे.

चौथं, उरलेल्या पैशात मागच्या मोकळ्या जागेवर तीन नव्या खोल्या. कौलं घातलेला स्लॅब, खाली दगड. सभागृहाचं म्हणाल तर वडाखालचा ओटा नीट बांधून घेऊ. आपली गॅदरिंगं तिथंच झाली. सभागृह वर्षातून चार दिवस लागतं, वर्ग २२० दिवस.

यात एक अट मी समितीला घालणार आहे. काम आपल्या तालुक्यातल्या गवंड्यांनी आणि वडार कारागिरांनी करावं, आणि त्यांच्याबरोबर रोज शाळेतली चार मुलं-मुली वही घेऊन उभी राहावीत. भूमितीचा तास तिथं होईल. ओळंबा, गुण्या, तीन-चार-पाचचा काटकोन, घनफळ, उताराचं गुणोत्तर, सगळं तिथं आहे. शिकवायला मी दर शनिवारी येईन. नकाशे, देखरेख, मंजुरीची धावपळ, कशाचीही फी नाही.

मला कल्पना आहे की देणगीदाराला नवीन इमारत दिसायला हवी असते. पाटीवर नाव हवं असतं, आणि त्यात वावगं काही नाही. दुरुस्त केलेल्या भिंतीवरही पाटी लागते. टाकीवर लागते. मुलींच्या स्वच्छतागृहावर नाव लावायला मात्र आजवर कुणी पुढं आलेलं मी कुठं पाहिलेलं नाही. तिथं कुणाचं नाव लागणार नसेल, तर आमच्या १९८५ च्या बॅचचं लावा. आम्ही काल रात्री जेवताना बोललो आहोत आणि तेवढ्या कामाचे पैसे आम्ही जमवतो आहोत. अठ्ठावीस जणांनी आकडे लिहून दिले आहेत.

दुपारच्या जेवणानंतर समितीची बैठक आहे. माझे नकाशे आणि खर्चाचा अंदाज मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर फळ्यावर लावले आहेत, समितीच्या प्रस्तावाशेजारीच. दोन्ही बघा. शंका असेल तर मला धरा, मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे. जुनी ओळ पाडायचीच असं बहुमतानं ठरलं, तरी मी कामाला येईन. फक्त पाडण्याआधी एकदा आत जाऊन, हात भिंतीवर ठेवून या. आत्ता बारा वाजलेत, बाहेर ऊन रणरणतंय. दगड गार लागेल.